एकाच बदामात किती गाणी?

“सकाळी सहाला मला भूपाळी पाहिजे आणि हा फोन मला हळदीचं गाणं लावून देतो,” ही आत्यांची तक्रार. “मग शोध की. नाव टाकायला असा किती वेळ लागतोय?” हे भाच्याचं उत्तर.

धाराशिव शहरातल्या या दोघांचा वाद आवडीनिवडीवरून नाही, कारण आवड दोघांची बरीचशी सारखी. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. आता गल्लीतल्या महिला भजनी मंडळाचं सगळं त्याच बघतात. भाच्याचं बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोघांच्याही कानाशी दिवसभर काही ना काही वाजत असतं. भांडण आहे ते आवडलेलं गाणं ठेवायचं कुठं आणि हवं तेव्हा काढायचं कसं, यावर. विषय किरकोळ वाटेल, पण ज्यांनी ज्यांनी फोनवर गाणी जमवली, त्यांची कधी ना कधी या प्रश्नाशी गाठ पडलेली आहे.

सगळ्या अ‍ॅपची रीत साधारण एकच. गाणं लागलं, आवडलं, बदाम दाबला. स्पॉटिफायने २०२३ साली बदामाच्या जागी अधिकचं चिन्ह आणलं, अ‍ॅपल म्युझिकने त्याच वर्षी चांदणी आणली. काम तेच राहिलं. गाणं एका मोठ्या ढिगात जाऊन पडतं, नवं वर आणि जुनं खाली. ढीग किती वाढावा यालाही आता धरबंद नाही. स्पॉटिफायवर पूर्वी दहा हजार गाण्यांची मर्यादा होती, तीही मे २०२० मध्ये उठली. हा ढीग नावाने लावता येतो, गायकाने लावता येतो, अल्बमने लावता येतो, जोडल्याच्या तारखेने लावता येतो. काही ठिकाणी ‘मूड’च्या चाळण्याही मिळतात. पण कुठल्या प्रहराला, कुठल्या सणाला, कुणासोबत बसून ऐकायचं, याचा रकाना कुठंच नाही.

आत्यांचं नेमकं तिथंच अडतं.

“आपल्याकडं गाण्याला वेळ असते,” त्या सांगतात. “भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापूरची आई निद्रेला जाते. प्रतिपदेला पहाटे सिंहासनावर येते, घट बसतात, मग नऊ दिवस आराध्यांची गाणी. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई पलंगावर विसावते ती थेट कोजागरीपर्यंत. कोजागरी झाली की गावोगाव काकडा सुरू. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा, तेरला गोरोबाकाकांची. प्रत्येकाची गाणी वेगळी आहेत. हरभरा, तूर, मूग एका डब्यात ओततो का आपण? मग काकडा आणि गौळण एका बदामात कशी टाकायची?”

भाचा हे सगळं ऐकून घेतो. नाकारत नाही, पण त्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते त्याच्या धंद्यातून आलेलं आहे. जिओ येण्याआधी, म्हणजे ५ सप्टेंबर २०१६ च्या आधी, गावाकडच्या मोबाइल दुकानांचा मोठा धंदा गाणी भरून देण्याचा होता. मेमरी कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, चहा पिऊन येईपर्यंत कार्ड भरलेलं. भाचा तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली होता.

“मी लई फोल्डर केलेत, आत्या. देवीची गाणी, जुनी मराठी, नवीन हिंदी, लग्नाची, कव्वाली. एकदम झकास. सहा महिन्यांनी तेच कार्ड परत यायचं भरायला आणि बघितलं तर माणसानं पहिल्या फोल्डरच्या पुढं बोटच लावलेलं नसायचं. लावून ठेवण्यात जीव घालतंय माणूस, ऐकायचं राहूनच जातंय.”

“ते तुझ्या गिऱ्हाइकाचं झालं. फोल्डर तू केलेस, त्यांनी नाही. दुसऱ्यानं लावलेल्या घरात आपल्याला वस्तू सापडत नाहीत, यात नवल काय?”

हे उत्तर महत्त्वाचं आहे. अ‍ॅपमध्ये तयार याद्यांचा सुकाळ असतो: ‘मराठी भक्ती’, ‘नवरात्री स्पेशल’, ‘नव्वदीची मराठी’. कुणीतरी दूरच्या कचेरीत बसून किंवा एखाद्या गणिती सूत्राने त्या लावलेल्या असतात. ऐकायला त्या वाईट नसतात. पण दुकानात भरलेल्या कार्डासारख्याच त्याही परक्या हाताच्या.

भाच्याचा दुसरा मुद्दा मात्र आत्यांना सहज परतवता येत नाही. तो म्हणतो, तारखेने लागलेला ढीग हीच एक रोजनिशी आहे. खाली खाली सरकत गेलं की त्या त्या दिवसांत आपण काय ऐकत होतो ते दिसतं. एप्रिल २०१६ च्या शेवटी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. नागराज करमाळ्याचे, आणि करमाळा म्हणजे परंड्याच्या शेजारचा तालुका. अजय-अतुल यांची ती गाणी त्या उन्हाळ्यात वरातीत, टमटममध्ये, रसवंतीवर, सगळीकडं वाजत होती. भाच्याच्या ढिगात ती गाणी आणि त्यांच्या आगेमागे त्याच महिन्यात आवडलेली भलतीच गाणी एकाला एक लागून आहेत: एक कव्वाली, एक जुनं भावगीत, एक तमिळ चाल.

“हे तुझ्या याद्यांत कुठं बसणार सांग. कव्वाली कव्वालीत जाणार, भावगीत भावगीतात. पण मला तो उन्हाळा सगळा एका जागी पाहिजे. बदामात तो आपोआप राहिलाय, मी काहीच केलेलं नाही.”

आत्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “ते खरं आहे. पण तुझा उन्हाळा माझ्या मंडळाला सहाच्या काकड्यात कशाला पाहिजे?”

इथपर्यंत दोघं तुल्यबळ वाटतात. ‘शफल’चा विषय निघाला की मात्र तोल बदलतो. गाणी क्रम मोडून ऐकवणं ही अ‍ॅपची आवडती सवय, आणि फुकट खात्यांवर तर पुष्कळदा ती सक्तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पॉटिफायने भारतातल्या फुकट खात्यांवर जी बंधनं आणली त्यांत गाणी क्रमाने लावणं, गाणं पुढे-मागे सरकवणं, तेच गाणं पुन्हा लावणं, सगळं काढून घेतलं होतं. नियम पुढेही बदलत राहिले, पण तो काळ अनेकांच्या लक्षात आहे. सिनेगीतांना क्रम मोडल्याने फारसं काही होत नाही. ‘गीतरामायणा’चं काय होतं बघा. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून सुरुवात, आणि मग वर्षभर आठवड्याला एक अशी ५६ गाणी. श्रोते पुढच्या आठवड्याची वाट पाहायचे, कारण कथा पुढे सरकत होती. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर गायला उभे राहतात आणि तिथून सगळं मागे जाऊन उलगडतं. ही गाणी शफलवर टाकली की लंकेतलं युद्ध आधी होतं आणि रामजन्म नंतर. नावाप्रमाणे लावली तर ती रोमन अक्षरांच्या क्रमाने लागतात, तोही गोंधळच.

गोंधळालासुद्धा क्रम असतो. “चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ वाजला, मग गण. मग गावोगावच्या देवांना गोंधळाला यायचं आवतण. नंतर आख्यान, शेवटी आरती,” आत्या बोटांवर मोजून दाखवतात. “आवतणाच्या आधी आरती झाली तर कार्य झालं असं कुणी म्हणेल का? भजनाचंही तेच. जय जय राम कृष्ण हरीनं सुरुवात, मग रूपाचा अभंग, मधे बाकीचे, मग गौळण, शेवटी भैरवी. भैरवी झाली की वीणा खाली. तुझा फोन भैरवी मधेच लावतो आणि बायका उठायला लागतात.”

भाचा हसला नाही. त्याने फोन मागून घेतला आणि आत्यांना एक गोष्ट दाखवली. ती आत्यांना वर्षानुवर्षं माहीतच नव्हती आणि अजूनही पुष्कळांना माहीत नाही. प्लेलिस्ट म्हणजे डबा नसतो. डब्यात टाकलेली वस्तू एकाच डब्यात राहते. प्लेलिस्टमध्ये फक्त गाण्याची नोंद असते, गाणं जागच्या जागीच असतं. त्यामुळे एकच अभंग काकड्याच्या यादीतही घालता येतो, एकादशीच्या यादीतही आणि ‘मंडळाला शिकवायचे’ या यादीतही. आत्यांच्या मनात अजून कॅसेट होती. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदच्या कॅसेटला पंचेचाळीस. रेकॉर्डिंगच्या दुकानात कागदावर गाणी लिहून द्यायची आणि कुठलं गाळायचं हे ठरवताना जीव टांगणीला लागायचा. एक गाणं दोन कॅसेटवर घेणं म्हणजे चैन. त्या काटकसरीने आत्यांना निवड शिकवली, हे खरं. पण तीच सवय घेऊन त्या फोनवर आल्या आणि प्रत्येक गाण्याला एकच जागा शोधत बसल्या.

“म्हणजे मी एवढे दिवस उगाच ठरवत बसले, हे देवीचं की संतांचं?”

“व्हय. दोन्हीकडं टाक. पाच ठिकाणी टाकलंस तरी जागा जात नाही.”

अशा भाच्याच्या आणखी काही कामाच्या युक्त्या आहेत. बदाम ही शेवटची जागा समजायची नाही. रस्त्यात ऐकलेलं चटकन उचलून ठेवायला ती बरी. आठवड्यातून एकदा बसून त्यातलं काय कुठल्या यादीत जातं ते बघायचं. यादीच्या नावाआधी आकडा घालायचा, म्हणजे नावांप्रमाणे लावलं तरी काकडा वर राहतो आणि भैरवी खाली. घरातला फोन नातवंडांच्या हातात जात असेल तर सेटिंगमध्ये एक गोष्ट आवर्जून बघायची: यूट्यूबवर लाइक केलेला गाण्याचा व्हिडिओ यूट्यूब म्युझिकच्या आवडत्या गाण्यांतही येऊन बसतो, तो तिथं दिसू न देण्याची सोय असते. स्पॉटिफायवर खासगी सत्र सुरू करून ऐकलं तर ते पुढच्या शिफारशींत मिसळत नाही. आणि अख्खा अल्बम कधी जोडायचा नाही.

हा शेवटचा सल्ला आत्यांच्याच अनुभवातून आला. त्यांनी देवीच्या यादीत ‘जोगवा’ नावाचा अल्बम सरसकट जोडला होता. तो २००९ च्या मराठी चित्रपटाचा. त्यात देवीसमोर गायलेलं गाणं आहे तसं ‘जीव रंगला’ हे प्रेमगीतही आहे, ज्याच्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं अप्रतिम आहे, पण घटासमोर बसलेल्या बायकांना ते अनपेक्षित होतं. आत्यांचं मत असं की सिनेमातलं देवीचं गाणं कितीही चांगलं असलं तरी मंडळाच्या यादीत नको. भाच्याचं मत असं की लोकांच्या तोंडी बसलं की ते लोकांचं. यावर दोघांचं एकमत झालेलं नाही आणि होईलसं दिसत नाही.

आता शोधाबद्दल. “नाव टाक की” हे भाच्याचं ब्रह्मास्त्र. आत्यांनी ते त्याच्यावरच चालवून बघितलं: “मला लहानपणी ऐकलेला एक गोंधळ काढून दे.” भाच्याने देवनागरीत शब्द टाकला, एक यादी आली. रोमनमध्ये टाकला, दुसरी आली. एका अक्षराची जागा बदलली, तिसरी. विठ्ठलाच्या नावात ‘टी’ एक की दोन, ‘एच’ कुठं, ‘तुझे’ मधला ‘झ’ झेडने की जेएचने, हे त्या त्या कंपनीत ज्याने कुणी टंकलं त्याच्यावर अवलंबून. गायकाच्या जागी कुठं संगीतकाराचं नाव, कुठं नुसतंच ‘विविध कलाकार’. जुन्या कॅसेटवरून आलेल्या भक्तिगीतांच्या संग्रहांत हे ‘विविध कलाकार’ इतक्या ठिकाणी दिसतात की खरा आवाज कुणाचा हे ऐकूनच ओळखावं लागतं. आत्यांना गायक माहीत नव्हता, पहिली ओळ अर्धीच आठवत होती, चाल मात्र पक्की होती. तो गोंधळ सापडला नाही.

आकाशवाणीचे निवेदक गाण्याच्या आधी तीन नावं सांगायचे: कवी, संगीतकार, गायक. धाराशिवला आकाशवाणीचं केंद्र आहे, आत्यांच्या पिढीने ही नावं तिथून, पुण्याहून, विविध भारतीवरून ऐकून पाठ केली. मराठी भावगीत ऐकणाऱ्याला शांता शेळके यांची गाणी एकत्र हवी असतात, श्रीनिवास खळे यांच्या चाली एकत्र हव्या असतात. अ‍ॅपमध्ये कवी बहुतेकदा तीन ठिपक्यांच्या आत, ‘क्रेडिट्स’ नावाच्या कप्प्यात लपलेला. कधी तिथंही नाही. आंतरजालावर ‘आठवणीतली गाणी’ या मराठी संकेतस्थळाने हेच काम नीट केलं आहे. तिथं गीतकारानुसार, संगीतकारानुसार, स्वरानुसार, रागानुसार, गीतप्रकारानुसार गाणं काढता येतं. प्रचंड भांडवलाच्या कंपन्यांना जे सुचत नाही ते गाण्यावर जीव असलेल्या माणसांनी करून दाखवलं. आत्या तिथं कवी आणि चालीची खात्री करून घेतात आणि मग अ‍ॅपकडे वळतात. हा वळसा लांबचा असला तरी चुकत नाही.

वादाचं खरं वळण आलं ते गाणी गायब व्हायला लागली तेव्हा. आत्यांच्या यादीतली काही नावं एके दिवशी फिकट राखाडी दिसायला लागली; दाबलं तरी वाजेनात. त्यांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी झालं. भाच्याने समजावलं की गाणं अ‍ॅपचं नसतं, कंपनीचं असतं, आणि करार संपला की ते उचललं जातं. याची मोठी उदाहरणं सर्वांसमोर आहेत. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. जुन्या एचएमव्हीचा वारसा असलेल्या सारेगामाची गाणी त्याच वर्षी तिथून गेली आणि जून २०२० मध्ये करार झाल्यावर परतली. जुन्या मराठी गाण्यांचा केवढा मोठा साठा सारेगामाकडे आहे हे लक्षात घेतलं तर त्या वर्षभरात मराठी श्रोत्याच्या याद्यांचं काय झालं असेल ते कळतं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी अशीच काही काळ स्पॉटिफायवरून गेली. ‘सैराट’ची गाणी याच कंपनीची. आणि कधीकधी अ‍ॅपच जातं. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं, रेसो भारतात जानेवारी २०२४ च्या शेवटी, एअरटेलने विंक बंद करत असल्याचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केलं.

“म्हणून तर म्हणतोय मी,” भाचा म्हणाला. “एवढं रात्र रात्र जागून लावायचं आणि एक दिवस दुकानच बंद. कशाला करायलीस?”

“अरे, म्हणूनच करायचं. पण तिथं नाही.”

आत्यांनी कपाटातून एक वही काढली. शाळेच्या हजेरीपटासारखे उभे रकाने, शाळेतल्याच वळणदार अक्षरात: पहिली ओळ, कवी किंवा संत, चाल कुणाची, आवाज कुणाचा, कशातलं, आणि शेवटचा रकाना ‘केव्हा’. त्या ‘केव्हा’ मध्ये ‘काकडा’, ‘घट’, ‘गुरुवार’, ‘बारसं’, ‘मौतीचं भजन’ असे शब्द. काही ओळींपुढे पेन्सिलीने एक छोटी फुली, म्हणजे हे गाणं फोनवर सापडलं नाही किंवा सापडून पुन्हा गेलं. भाचा वही चाळत राहिला. त्याला त्यात एक गोष्ट दिसली जी आत्यांच्याही लक्षात आली नव्हती: फुल्या सगळ्यात जास्त देवीच्या गाण्यांपुढे होत्या.

आत्यांची वही एकटी नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटांतली गाणी दशकादशकाने नोंदवून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा केला, तोही संगणक हाताशी नसलेल्या काळात. मुंबईत १९९० साली जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था निघाली, तिचाही जीव नोंदींत. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या नुसत्या साठवल्या नाहीत. कुठल्या गावात, कुणी गायली, ओवी कशाबद्दल आहे, आईबद्दल, भावाबद्दल, सासरबद्दल, भीमाबद्दल, विठ्ठलाबद्दल, असं वर्गवार लावलं. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्याचा संगणकीय कोश झाला आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने तो लोकांपुढे आणायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव प्रत्येक ओवीशी जोडलेलं राहिलं, ते वर्गवारी करणाऱ्यांनी त्याची किंमत ओळखली म्हणून.

या सगळ्याकडे बघता आत्यांचं पारडं जड ठरतं, असं म्हणायला हरकत नाही. अ‍ॅपमधली यादी कितीही सुरेख लावली तरी तिची मालकी आपली नाही. बाहेर, साध्या मजकुरात, सहा रकान्यांत ठेवलेली यादी कुठल्याही अ‍ॅपमध्ये पुन्हा उभी करता येते. एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात याद्या हलवून देणाऱ्या सेवा आहेत. पण त्याही नावावरूनच गाणं जुळवतात, आणि मराठी नावांच्या रोमन लेखनात त्या अडखळतात, मूळ गाण्याच्या जागी भलत्याच आवाजातली नक्कल बसवतात. तिथं शेवटी वहीच उपयोगी पडते. भाच्यानेही हे मान्य केलं, पण आपल्या पद्धतीने: वहीचे फोटो काढून ठेवले आणि दुकानातल्या संगणकावर तेच रकाने पाडून गाणी भरायला घेतली. त्याने एक रकाना मात्र स्वतःच्या हट्टाने वाढवला, ‘कधी आवडलं’. त्याचा उन्हाळा त्याला सोडायचा नव्हता. आत्यांनी त्या रकान्यात काही भरलं नाही, पण खोडलाही नाही.

राहिला प्रश्न त्या फुल्यांचा. देवीची जी गाणी अ‍ॅपवर नाहीत ती बहुतेक कुठल्याच कंपनीने कधी मुद्रित केलेली नाहीत. ती आराधिणींच्या तोंडी आहेत, मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांना येतात, आणि गेल्या काही नवरात्रांत कुणी कुणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहेत. ही रेकॉर्डिंगं व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात आणि फिरताना त्यांचं नाव पुसलं जातं. उरतं ते ‘एयूडी’, तारीख आणि एक आकडा. भाच्याने यावर तोड सांगितली. गाणं ऑडिओ म्हणून पाठवायचं नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, म्हणजे दिलेलं नाव टिकतं. शिवाय यूट्यूब म्युझिकवर आपल्या फाइली चढवून त्या नेहमीच्या गाण्यांबरोबर एकाच यादीत ठेवता येतात. त्या फक्त आपल्याच खात्यावर ऐकू येतात, दुसऱ्या बाईला तिच्या फोनवर नाही. म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि मंडळाच्या स्पीकरला लावायच्या कार्डवरही ठेवायची. म्हणजे भाचा पुन्हा कार्ड भरायला बसला. या खेपेला फोल्डर आत्यांनी सांगितलेले आहेत.

सध्या दोघं अडले आहेत ते फाइलच्या नावाशी. भाच्याला नाव पहिल्या ओळीने सुरू व्हायला हवं, कारण माणूस ओळ आठवून शोधतो, आणि गायकाच्या जागी मंडळाचं नाव पुरे, एवढ्या बायकांची नावं कुठं लिहीत बसायची. आत्यांना आधी गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं माहेरचं गाव हवंय. “भूमकडची बाई तेच गाणं वेगळं म्हणते आणि उमरग्याकडची वेगळं,” त्या म्हणतात. “गाव नाही लिहिलं तर उद्या दोन्ही एकच समजून तू एक पुसून टाकशील.” भाच्याने दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ लावून बघितली. मधल्या कडव्याची चाल खरंच निराळी होती. त्याने फाइलच्या नावात गावासाठी जागा केली; बाईचं नाव आधी घ्यायचं की ओळ, यावर घट बसायच्या आत निकाल लावायचा आहे, कारण रेकॉर्डिंगला पहिल्या माळेपासून सुरुवात करायची असं मंडळात ठरलं आहे.